चौकट : जुन्या बुलेटचा चिमटा बदलताना

१९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली, त्याआधीपासून बुलेट आपल्या रस्त्यांवर आहे. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) बदलून मागे डिस्क ब्रेक बसवायचा तर एवढं ध्यानात ठेवा :

● ड्रम आणि स्प्रॉकेट एकजीव : मागचा ब्रेक ड्रम आणि चेनचा स्प्रॉकेट डाव्या बाजूला एकत्रच असतात. ड्रम काढला की स्प्रॉकेटही जातो. त्यामुळे हबसकट चाक बदलावं लागतं.

● पेडल डावीकडे : या गाडीचे गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. मास्टर सिलिंडरची जागा त्यानुसार ठरवा.

● बुश तपासा : गाडी मेन स्टँडवर घ्या, चिमट्याची टोकं धरून आडवी हलवा. खटखट जाणवली तर बुश झिजलेत.

● लांबी : लांब चिमट्याने गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण वळायला जड होते. शॉकॲब्सॉर्बरवरचा भारही बदलतो.

● कॅलिपरचा आधार : ब्रेक दाबताच कॅलिपर चाकाबरोबर फिरू पाहतो. त्याला रोखणारी पट्टी चिमट्याला भक्कम बोल्टनेच जोडा.

● चेनची रेष : दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत हवेत. तिरकी चेन दात खाते.

● कायदा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं.

आधी आरटीओत चौकशी करा, मगच पान्याला हात लावा.