हुकावरचे शंभर किलो

एप्रिल-मे महिन्यांत बेंगळुरूत दुपार कलली की आभाळ भरून येते आणि कधीकधी एका संध्याकाळीच 50 मिलिमीटर पाऊस कोसळून जातो. शहराला या वळवाची सवय आहे. आता अशा पावसात एखाद्या घरासमोर ट्रेलरवर एक उघडी फायबरची होडी उभी आहे, असे समजा. लांबी साडेचार मीटर, रुंदी 1.8 मीटर. वरून पाहिले तर ते सुमारे 8 चौरस मीटरचे एक भांडेच आहे. 50 मिलिमीटर पावसात त्यात 400 लिटर पाणी साचते. 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो वजन. ट्रेलरवर होडीचे नाक थोडे वर असते, म्हणून हे सगळे पाणी मागच्या टोकाला, इंजिन टांगलेले असते तिकडे जमा होते.

यासाठीच होडीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक छोटे भोक असते आणि त्याला बूच असते. होडी पाण्यात उतरवताना ते घट्ट बसलेले हवे आणि रस्त्यावर ते काढून ठेवलेले हवे. पाण्यात उतरताना बूच लावायला विसरले तर होडी बुडते, हे कुणालाही सांगावे लागत नाही. पण रस्त्यावर ते काढायला विसरले तर होडी ओढणारी गाडीच उलटू शकते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

राहायची सोय असलेली गाडी घेऊन निघायचे, मागे होडी जोडायची, एखाद्या तळ्याकाठी मुक्काम टाकायचा आणि सकाळी पाण्यात उतरायचे, ही अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांची जुनी हौस आहे. मोठमोठ्या सरोवरांनी वेढलेल्या मिशिगन राज्यात तर पिकअप गाडीमागे राहण्याचा ट्रेलर आणि त्याच्याही मागे होडीचा ट्रेलर अशी तीन डब्यांची गाडी लोक चालवतात. त्यासाठी तिथे चालकाच्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. आपल्याकडे ही हौस आता कुठे मूळ धरते आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कर्नाटकातही बेंगळुरूहून झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅम्परव्हॅन भाड्याने मिळू लागल्या आहेत. कावेरी जेमतेम 100 किलोमीटरवर, कृष्णराजसागरचा जलाशय तीन-चार तासांवर आणि मंगळूरचा समुद्र एका दिवसाच्या अंतरावर, असे हे शहर. गाडीमागे होडी जोडण्याचा विचार इथे कुणाच्याही मनात येईल. तो आला की पुढचे काही पदार्थविज्ञान समजून घ्यावेच लागते.

गाडीला जोडलेला ट्रेलर म्हणजे आडवा लंबक. हुक हा त्याचा टांगण्याचा बिंदू. शेजारून भरधाव बस गेली, घाटमाथ्यावर वाऱ्याचा झोत आला किंवा चालकाने खड्डा चुकवायला स्टिअरिंग झटकन फिरवले, तर ट्रेलर हुकाभोवती डावी-उजवीकडे झुलतो. झोके पुढे विरून जातात की वाढत जातात, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: वजन कुठे ठेवले आहे आणि वेग किती आहे.

याचे एक प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर एक खेळण्यातली गाडी जागच्या जागी धरून ठेवतात आणि तिच्यामागे छोटा ट्रेलर जोडतात. ट्रेलरवरची वजने पुढे, हुकाच्या बाजूला ठेवली की बोटाने कितीही टिचकी मारा, ट्रेलर एक-दोन झोके घेऊन सरळ होतो. तीच वजने चाकांच्या मागे सरकवली आणि पुन्हा टिचकी मारली की दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा होतो, तिसरा त्याहून मोठा होतो आणि चौथ्या-पाचव्या झोक्यात ट्रेलर गाडीलाही घेऊन आडवा होतो. वजन तेवढेच, गाडी तीच, पट्ट्याचा वेगही तोच. बदललेली असते ती फक्त वजनाची जागा. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्या गाडीमागे खरा ट्रेलर जोडून, त्यावरचे वजन पुढे-मागे हलवत अशाच चाचण्या केल्या होत्या.

वेगाचा भाग थोडा सूक्ष्म आहे. ट्रेलर झुलू लागला की त्याचे टायर रस्त्यावर किंचित तिरके घासतात आणि झोक्याला विरोध करतात. गाडीचा वेग जितका जास्त, तितका त्याच आडव्या झोक्यात टायरचा तिरकेपणा कमी, म्हणून हा विरोधही कमी. प्रत्येक गाडी-ट्रेलर जोडीचा एक वेग असा असतो की त्यापुढे झोका आपोआप विरत नाही. मागच्या टोकाला वजन असेल तर हा धोक्याचा वेग खूप खाली येतो.

म्हणून ट्रेलर ओढणारे लोक आधी हुकावर उभा भार किती आहे, हे मोजतात. अमेरिकेत सर्वसाधारण ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. होडीच्या ट्रेलरला काही वेळा यापेक्षा कमी चालतो. ट्रेलर आणि होडी मिळून 1,000 किलो असेल, तर हुकावर साधारण 100 किलो. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर झुलतो. फार जास्त असेल तर ओढणाऱ्या गाडीचे नाक उचलले जाते, पुढच्या चाकांची पकड सुटते आणि स्टिअरिंग हलके पडते. पहिल्या परिच्छेदातले 400 लिटर पाणी आठवा. ते चाकांच्या मागे साचले की तरफेसारखे हुकाला वर उचलते. 40 अश्वशक्तीचे एक फोर-स्ट्रोक इंजिन स्वतःच 100 किलोच्या आसपास असते आणि तेही होडीच्या मागच्या टोकालाच. त्यात पाण्याची भर पडली की हुकावरचे शंभर किलो नाहीसे होतात.

हा भार मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रेलर पूर्ण भरून, सपाट जागेवर, हुकाच्या नेहमीच्या उंचीला त्याचा हुकाला जोडायचा दांडा घरच्या वजनकाट्यावर टेकवायचा. काट्याच्या क्षमतेपेक्षा भार जास्त असेल तर फळी आणि दोन विटा घेऊन तरफ करायची. दांडा फळीच्या एका आधारापासून 1 फुटावर आणि काटा 3 फुटांवर असेल, तर काट्यावरच्या वजनवाढीला तिनाने गुणायचे. भार कमी भरला तर कूलर, नांगर, पेट्रोलची टाकी पुढे सरकवायची किंवा होडीच ट्रेलरवर पुढे घ्यायची. आणि एवढे करूनही रस्त्यावर झोका सुरू झालाच, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी थांबायला बघते आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो.

बेंगळुरूहून समुद्राकडे निघाले की प्रश्न ब्रेकचा होतो. सकलेशपूर सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि तिथून पुढे शिराडी घाट उतरायचा असतो. 1,000 किलोचा ट्रेलर एवढ्या उंचीवरून समुद्रसपाटीला आणायचा म्हणजे सुमारे 88 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. 28 लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेला इंजिनाने किंवा ब्रेकने सोसायचा असतो. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिन त्यातले बरेच पचवते. नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळू लागते आणि पेडल जमिनीला टेकते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत ते यासाठी. होडीच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक फारसे मानवत नाहीत, कारण होडी उतरवताना चाके पाण्यात बुडतात. म्हणून तिथे एक सुटसुटीत युक्ती वापरतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर जडत्वाने पुढे सरकून हुकावर दाबला जातो. हुकामागचा दट्ट्या त्या दाबाने आत जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. ज्या धक्क्याची भीती, त्याच धक्क्यावर हे ब्रेक चालतात.

पाण्याकाठी पोहोचल्यावर चाकांचा आणखी एक घात टपून असतो. 100 किलोमीटर धावून आलेल्या ट्रेलरच्या चाकातले बेअरिंग गरम झालेले असते, आतली हवा प्रसरण पावलेली असते. होडी उतरवायला ट्रेलर थेट थंड पाण्यात घातला की ती हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरट, ताकासारखे होते, गोळ्यांना गंज चढतो आणि काही महिन्यांनी भर रस्त्यात चाक अडकते. उपाय म्हणजे काठावर पोहोचल्यावर चाके निवेपर्यंत थांबायचे. हुशार कारागिरांनी यावर स्प्रिंगची टोपीही काढली आहे. ती ग्रीसवर आतून किंचित दाब ठेवते, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही.

ट्रेलर मागे घेणे ही तर तळहातावर उभी काठी तोलण्यासारखी गोष्ट. पुढे जाताना ट्रेलर ओढीने आपोआप सरळ होतो. मागे ढकलताना उलट घडते: थोडासा तिरकेपणा क्षणोक्षणी वाढत जातो आणि शेवटी गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरले तर हात ज्या दिशेला नेऊ त्याच दिशेला ट्रेलरचे शेपूट जाते. नवशिके मोकळ्या मैदानात हेच आधी घोटून घेतात.

आपल्या कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येतच त्याचा समावेश आहे, म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी आणि नंबरप्लेट लागते. 750 किलोपर्यंतचे ट्रेलर टी-1 गटात मोडतात, त्यापुढचे वरच्या गटांत. गाडी किती वजन ओढू शकते, हा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहायचा, इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरवायचा नाही.

हे सगळे गणित मांडल्यावर अनेक जण ट्रेलरच नको म्हणतात आणि हवेच्या होडीकडे वळतात. सप्टेंबर 2022 च्या पुरात बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या वसाहतींतून माणसांना बाहेर काढायला रबरी होड्या आणि ट्रॅक्टर आले, तेव्हा साऱ्या देशाने पाहिले की हवा भरायची होडी कुठेही नेता येते. आजच्या हवेच्या कयाकमध्ये वरचा आणि खालचा पडदा हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे जास्त दाबाने हवा भरली की तळ फळीसारखा कडक होतो. वजन 15-20 किलो. गाडीच्या डिकीत मावते आणि हुकाची भानगडच उरत नाही.

पण कावेरी-तुंगभद्रेच्या काठच्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. बांबूच्या कामट्यांची विणलेली गोल टोपली, बाहेरून पूर्वी कातडे आणि आता डांबर लावलेले प्लॅस्टिक. कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात, कावेरीवरच्या होगेनक्कलच्या तमिळ काठावर परिसल. 1520 च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवर माणसे अशा टोपल्यांतून पार होतात आणि गरज पडल्यास घोडे आणि बैलही त्यांतून नेता येतात, असे लिहून ठेवले आहे. 1803 मध्ये मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीनेही नद्या ओलांडण्यासाठी याच टोपल्या बनवून घेतल्या.

अडीच मीटर व्यासाच्या टोपलीचा तळ जवळपास 5 चौरस मीटरचा. आठ माणसांचे 500 किलो वजन तिच्यावर चढले तरी, तळ सपाट धरल्यास, ती आणखी फक्त 10 सेंटिमीटर पाण्यात जाते. म्हणून खडकाळ, उथळ पात्रात जिथे मोटरबोटीचा पंखा आपटेल तिथे ही सहज तरंगत जाते. जीपच्या टपावर पालथी बांधता येते. नाक-शेपूट नसल्याने ती गरगर फिरते खरी, पण वल्हे पुढून ओढून नावाडी तिला हवी तिकडे नेतो.

सातनूर-हलगूरच्या वाटेने भीमेश्वरीला उतरले की कावेरी अशीच भेटते. 1987 मध्ये घोषित झालेल्या कावेरी वन्यजीव अभयारण्याचा हा परिसर. इथे मनाला येईल तिथे गाडी लावून मुक्काम टाकता येत नाही. राहायचे ते कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसच्या तळासारख्या ठरलेल्या जागीच. या पाण्यात कुबड असलेला महासीर राहतो. त्याची शास्त्रीय ओळख 'टोर रेमादेवी' अशी पक्की झाली ती 2018 मध्ये आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. म्हणूनच एका पाण्यातली होडी दुसऱ्या पाण्यात नेणाऱ्यांवर मोठी जबाबदारी येते. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत 1988 मध्ये सापडलेले झेब्रा शिंपले आले होते जहाजांतून, पण आतल्या छोट्या तळ्यांपर्यंत ते पसरले हौशी लोकांच्या होड्या आणि ट्रेलरवरून. बेंगळुरूच्या तलावांना जलपर्णीचा विळखा पडलेला आपण पाहतोच. तिचा एक हिरवा तुकडा ट्रेलरच्या रोलरमध्ये अडकून दुसऱ्या तळ्यात पोहोचायला पुरेसा असतो. होडी बाहेर काढली की पाला-चिखल धुवायचा, बूच काढून पाणी तिथेच सोडायचे आणि सगळे कडक उन्हात वाळवायचे, एवढे केले की हा धोका पुष्कळ कमी होतो.

होगेनक्कलला प्रवाहाबरोबर खाली उतरून प्रवासी किनाऱ्याला लागले की नावाडी टोपली रिकामी करतो. पाणी निथळू देतो, तिला कडेवर उभी करतो, मग पालथी करून डोक्यावर घेतो. टोपलीचा गुरुत्वमध्य नेमका त्याच्या मणक्याच्या रेषेत येतो. दोन्ही हातांनी काठ धरून तो खडकांमधून वाट काढत पुन्हा वरच्या घाटाकडे चालू लागतो. लांबून पाहिले तर एक मोठी काळी टोपली दोन पायांवर चालत निघालेली दिसते.