बोलणारी इंजिने

इंग्लंडमधील बॉक्स या गावाजवळ रेल्वेचा मोठा चढ आहे. तेथे राहणारा विल्बर्ट ऑड्री नावाचा मुलगा रात्री अंथरुणात पडल्यापडल्या चढावरील गाड्यांचा आवाज ऐकत असे. पुढचे इंजिन व मागून रेटणारे इंजिन परस्परांशी बोलत आहेत, असे त्याला वाटे.

या कल्पनेला आधार होता. वाफ दट्ट्याला ढकलते आणि मग धुराड्यातून जोराने बाहेर पडते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार हुंकार उमटतात. चढावर ते जड व संथ होतात. जणू इंजिन धापाच टाकते!

मोठेपणी ऑड्री धर्मोपदेशक झाले. मुलगा ख्रिस्तोफर गोवराने आजारी पडला, तेव्हा त्याची करमणूक करण्यासाठी त्यांनी इंजिनांच्या गोष्टी रचल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९४५ साली निघाले. सुप्रसिद्ध थॉमस १९४६ साली अवतरला.

वेल्समध्ये पाटीचा दगड वाहून नेणारी टॅलिलिन ही लहान रेल्वे होती. १९५० साली मालक वारले आणि ती बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा हौशी लोकांनी पदरमोड करून, स्वतः राबून ती चालू ठेवली. त्यांत पुढे ऑड्रीही सामील झाले. एकदा गार्डचे काम करताना फराळ विकणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून त्यांनी गाडी सोडली! ती फजितीही त्यांनी गोष्टीत घातली.

१८६४ साली बांधलेले ‘टॅलिलिन’ इंजिन आजही त्या रेल्वेकडे आहे. गोष्टींत तेच ‘स्कारलोई’ या नावाने भेटते.