साहेब व्हायचे की कारभारी?

पदवी परीक्षेचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात एक बैठक बसते. वडील चष्मा पुसतात, आई चहाचे आधण ठेवते, मामांना मुद्दाम बोलावणे गेलेले असते. ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या भवितव्याचा खल चालला आहे, ते मात्र कोपऱ्यात मुकाट बसून ऐकत असते. पूर्वी या बैठकीत डॉक्टर, इंजिनियर आणि वकील अशी तीन नावे निघत. आता चौथे नाव हमखास निघते, ते म्हणजे एमबीए. त्याने काय होते, असे आजीने विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : "मोठ्या कंपनीत मॅनेजर होतो, आजी!"

आजीचे समाधान होते. पण मॅनेजर झालेला माणूस सकाळी दहा ते रात्री आठ नेमके करतो काय, हा प्रश्न त्या बैठकीत सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवा, कारण या शिक्षणासाठी आज पुष्कळ घरांत कर्ज काढले जाते, आणि नामांकित संस्थांची फी वीस लाखांच्या वर गेलेली आहे. एवढ्या पैशात आपण काय विकत घेतो आहोत, हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुंबईच्या काचेच्या इमारतींत जाण्याची गरज नाही. आपण मराठवाड्यात, जालन्याला जाऊ.

सोन्याचा पाळणा

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. कुंडलिका नदीकाठचे हे गाव पिढ्यान् पिढ्या व्यापाराचे. मोंढ्यातल्या अडत्यांच्या पेढ्या, मुनीम, दिवाणजी, तोंडी हिशेब आणि शब्दावर चालणारी उधारी ही इथली जुनी विद्या. पुढे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया ओढणारे कारखाने इथे उभे राहिले. परंतु जालन्याचे नाव देशभर पोचवले ते बियाण्याने.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली. त्या वेळी जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. याच बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००१ साली पद्मभूषण. २०१७ साली त्यांचे निधन झाले. व्यवस्थापनाची पदवी घेऊन त्यांनी हा उद्योग काढला नव्हता. तशी पदवी देणाऱ्या संस्थाच तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आता कुणी म्हणेल, बी विकण्यात एवढे व्यवस्थापन ते काय? शेतकरी आपल्या घरचे बी कणगीत राखून ठेवतच होता की! खरे आहे. पण त्याच १९६४ साली संकरित ज्वारीचे 'सीएसएच-१' हे पहिले वाण आले, पाठोपाठ १९६५ साली संकरित बाजरी आली, आणि शेतीचा हिशेबच बदलला. संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही. बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. म्हणजेच ते दरवर्षी कुणीतरी शुद्ध आणि वेळेवर तयार करून द्यावे लागते. सरकारने १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम काढले आणि १९६६ साली बियाणे कायदा केला, तो याच गरजेपोटी.

एका पुडीमागचा कारभार

कपाशीच्या बियाण्याची एक पुडी डोळ्यांसमोर आणा. ती मे महिन्याच्या अखेरीस तालुक्याच्या दुकानात दिसते. तिचा जन्म मात्र वर्षभर आधीचा असतो.

कंपनी हे बी स्वतःच्या जमिनीवर पिकवत नाही. ती शेकडो शेतकऱ्यांशी करार करते. कुणी अर्धा एकर देतो, कुणी एक एकर. गावात त्याला 'सीड प्लॉट' म्हणतात. त्यात नर आणि मादी अशा दोन वाणांच्या वेगळ्या ओळी लावायच्या. दोघांची फुले एकाच काळात यावीत म्हणून काही वेळा पेरणीच्या तारखा मागेपुढे ठेवायच्या. शेजारच्या शेतातले परागकण येऊन भेसळ होऊ नये म्हणून मध्ये ठरावीक अंतर राखायचे. मग फुलोरा आला, की खरी कसोटी लागते. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरून तिच्यातले पुंकेसर नखाने अलगद काढायचे आणि खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून त्याचे पराग त्या कळीला लावायचे. हे एकेका फुलाला, रोज, कित्येक आठवडे! या कामात बहुतेक बायकांचेच हात असतात, आणि त्या हातांना एक दिवसाची सुट्टी दिली तर त्या दिवसाची फुले कायमची हुकतात.

पुढे वेचणी, सरकी वेगळी करणे, उगवणशक्तीची तपासणी. शिवाय नमुन्याचे बी पेरून, झाडे वाढवून, वाण शुद्ध आहे की नाही ते पाहायचे. त्यात नापास झालेला माल विकायचा नाही, मग त्यात कितीही पैसा गुंतलेला असो. पास झालेला माल पुड्यांत भरून मृगाच्या आत दुकानात पोचवायचा. जूनमध्ये जी पुडी मिळाली नाही, तिचा जुलैत काय उपयोग?

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक निर्णय असतो. पुढल्या वर्षी किती पुड्या खपतील, हे आदल्या वर्षीच ठरवावे लागते. कारण सीड प्लॉट तेव्हाच लावायचे असतात. पुढच्या वर्षी पाऊस कसा पडेल, कापसाला भाव काय मिळेल, शेतकरी कपाशीकडे वळेल की सोयाबीनकडे, यातले काहीही त्या दिवशी ठाऊक नसते. जास्त प्लॉट लावले तर गोदामे भरतात आणि पडून राहिलेल्या बियाण्याची उगवण घटत जाते. कमी लावले तर जूनमध्ये दुकानापुढे रांगा लागतात आणि काळा बाजार माजतो.

मॅनेजर काय करतो, या आजीच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अपुऱ्या माहितीवर वेळेत निर्णय घेणे, तो शेकडो माणसांच्या हातून पार पाडणे, आणि परिणामाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे म्हणजे व्यवस्थापन. आपल्या भाषेत याला जुना आणि नेमका शब्द आहे : कारभारी. साहेबाला खुर्ची असते. कारभाऱ्याला काम असते.

पदवी काय देते?

यावरून पदवी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आपल्या देशात हे शिक्षण विचारपूर्वक आणले गेले. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. २०१५ साली नागपूरलाही भारतीय व्यवस्थापन संस्था आली, आणि मुंबईच्या जुन्या 'निटी'ला २०२३ साली तोच दर्जा मिळाला. बियाणे, दूध, फळे अशा शेतीशी जोडलेल्या धंद्यांसाठी तर वेगळे अभ्यासक्रम आहेत : हैदराबादची 'मॅनेज', पुण्याची वैकुंठ मेहता संस्था, आणि १९७९ साली डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने निघालेली आणंदची 'इर्मा'. कृषी पदवीधरांच्या घरी ही नावे माहीत असायला हवीत.

या वर्गांत विद्यार्थी ताळेबंद वाचायला शिकतो, मालाची खरी किंमत काढायला शिकतो, मागणीचा अंदाज आकड्यांनी बांधायला शिकतो. एखाद्या कंपनीपुढचा पेच समोर ठेवून 'तुम्ही असता तर काय केले असते?' असे त्याला रोज विचारले जाते. मोंढ्यातल्या मुनिमाला जे कळायला वीस वर्षे लागली, त्यातले बरेचसे दोन वर्षांत कळते. हा फायदा लहान नाही.

पण दोन गोष्टी वर्गात मिळत नाहीत. पहिली म्हणजे विश्वास. करार केलेला शेतकरी भेसळीचे झाड उपटून टाकतो, की तपासनीस गेल्यावर तसेच ठेवतो, हे कागदावरच्या अटींपेक्षा गेल्या वर्षी त्याचे पैसे वेळेवर मिळाले होते की नाही, यावर जास्त अवलंबून असते.

दुसरी म्हणजे सदसद्विवेक. कपाशीच्या बीजोत्पादनात लहान मुलींना शाळेतून काढून कामाला लावल्याचे प्रकार आंध्र आणि गुजरातेत उघडकीस आले होते. त्या मुलींना शेतावर बोलावले ते कंपनीच्या मॅनेजरने नव्हे. पण शेतकऱ्याला किलोमागे काय दर द्यायचा, हे कंपनीत बसून ठरत होते; आणि त्या दरात मोठ्या माणसांची मजुरी परवडते की नाही, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता. २००६ साली बीटी कपाशीच्या पुडीच्या किमतीवरून आंध्र सरकार तक्रार घेऊन उभे राहिले आणि सोळाशे रुपयांच्या वर गेलेली पुडी साडेसातशेवर आली, तेव्हाही प्रश्न तोच होता. जे कायद्यात बसते आणि नफ्याच्या रकान्यात शोभते, ते योग्य असतेच असे नाही. हे ज्याला टोचते, त्याच्याच हाती कारभार शोभतो.

बैठकीत विचारायचे प्रश्न

तेव्हा पालकहो, एमबीएचा अर्ज भरण्यापूर्वी चार प्रश्न आपल्या मुलाला, मुलीला आणि स्वतःलाही विचारा.

पहिला : याला माणसांत मिसळायची हौस आहे का? बियाणे कंपनीत लागलेल्या नव्या पदवीधराची पहिली वर्षे बहुधा दुकानदारांच्या भेटी, शेतकऱ्यांचे मेळावे आणि एसटीचा प्रवास यांतच जातात. उन्हाचा कंटाळा असेल, तर हे क्षेत्र त्याचे नव्हे.

दुसरा : आकड्यांची भीती आहे का? असली तर ती आताच घालवावी. पुढे ती महागात पडते.

तिसरा : ज्या संस्थेत जायचे, तिथून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेली मुले आज नेमके काय काम करतात? माहितीपत्रकातील सर्वांत मोठा पगार पाहू नका. मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले, ते विचारा, आणि कर्जाचा हप्ता त्या आकड्यावर बेता.

चौथा : आधी एक-दोन वर्षे नोकरी केली तर? ज्याने एकदा गोदामात माल मोजला आहे, त्याला वर्गातला धडा अधिक कळतो. आणि पुष्कळ चांगल्या संस्था अशा अनुभवाचे वजन प्रवेशाच्या वेळी धरतात.

आणखी एक गोष्ट. मॅनेजर व्हायचे म्हणजे पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे, हा समज आता सोडावा. जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या परिसरात आज शेतकरी शेडनेटखाली भाजीपाल्याचे बी तयार करतात. जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सळयांच्या कारखान्यांत भंगाराचा भाव आणि विजेचे बिल यांची रोज झटापट चालते. या साऱ्या धंद्यांना मजूर मिळतो, यंत्र मिळते, प्रसंगी भांडवलही मिळते. नीट शिकलेला, शेताच्या बांधावर उभा राहणारा आणि दिलेला शब्द पाळणारा कारभारी मात्र सहजासहजी मिळत नाही. आपल्या घरातल्या मुलीने किंवा मुलाने ती जागा घेतली, तर कदाचित त्यांच्या नावाची पाटी काचेच्या दारावर लागणार नाही. पण जूनच्या पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात, कुठल्यातरी शिवारात ओळीने उगवलेल्या रोपांकडे पाहून एखादा शेतकरी म्हणेल, "बी चांगलं निघालं!" त्याला ज्यांचे नाव ठाऊक नाही, अशा माणसांच्या वर्षभराच्या कारभाराला मिळालेली ती पावती असेल.