महादजी शिंदे आणि राजस्थानातील राज्ये : सनद, पलटण व मामलत यांचा परस्परसंबंध

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाला सर्वस्वी नवे वळण देणारा सेनानी म्हणून महादजी शिंदे याचे स्थान निर्विवाद आहे. पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली जखमी होऊन पायाने अधू झालेला हा सरदार १७८४ साली दिल्लीच्या बादशाहीचा सर्वाधिकारी कारभारी झाला. त्याच्या लढाया आणि त्याचे मुत्सद्दीपण यांचे वर्णन मराठी वाचकास अपरिचित नाही. परंतु त्याच्या या उद्योगामुळे भोवतालच्या राज्यांच्या अंतर्गत रचनेत कोणते फरक पडले, आणि ते फरक त्याच्या मृत्यूनंतर कोणाच्या पथ्यावर पडले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात विशेषतः राजस्थानातील राज्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

महादजीच्या उत्तरेतील सत्तेचे तीन आधार होते. पहिला बादशाही सनदेचा, दुसरा कवायती पलटणींचा आणि तिसरा मामलतीचा, म्हणजे राजपूत राज्यांकडून ठराविक रकमेच्या रूपाने घ्यावयाच्या खंडणीचा. सनदेने हक्क मिळाला, पण वसूल मिळाला नाही. वसुलासाठी पलटणी उभाराव्या लागल्या, आणि पलटणींच्या पगारासाठी पुन्हा वसुलाची निकड वाढली. या चक्राच्या गतीनेच शेजारची राज्ये बदलत गेली.

साल्बाईचा तह : मध्यस्थाची भूमिका

महादजीच्या स्वतंत्र राजनीतीचा प्रारंभ पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस दिसतो. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला व तो गोहदच्या राण्याच्या स्वाधीन केला. पुढील वर्षी इंग्रजी फौजा माळव्यात शिरल्या आणि महादजीला आपल्याच मुलखाची चिंता पडली. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी त्याने कर्नल म्यूर याच्याशी स्वतंत्र करार केला. या करारान्वये इंग्रजी फौज यमुनेपार जावयाची होती आणि महादजीने पेशवे व इंग्रज यांच्यात मध्यस्थी करावयाची होती. १७ मे १७८२ रोजी साल्बाईचा तह झाला, तेव्हा तहाच्या पालनाबद्दल उभयपक्षी जामीन म्हणून महादजीचेच नाव घालण्यात आले.

वस्तुतः तो पेशव्यांचा सरदार होता. परंतु जो दोन सत्तांमध्ये जामीन राहतो तो त्यांपैकी एकीचा केवळ सेवक उरत नाही, हे पुण्यात नाना फडणीस व कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज हे दोघेही ओळखून होते. तहाचा पहिला परिणाम गोहदला भोगावा लागला. इंग्रजांचा पाठिंबा सुटताच महादजीने १७८३ साली ग्वाल्हेर परत घेतले आणि १७८४ साली गोहदही जिंकले. दोन मोठ्या सत्तांच्या भांडणात आपली जागा करू पाहणाऱ्या लहान राज्याची गत कशी होते, याचे हे पहिले उदाहरण होय.

दिल्लीची सनद

एप्रिल १७८२ मध्ये मिर्झा नजफखान मरण पावला आणि दिल्ली दरबारात त्याच्या अनुयायांचे परस्परांत हाडवैर सुरू झाले. सप्टेंबर १७८३ मध्ये मिर्झा शफी व नोव्हेंबर १७८४ मध्ये अफ्रासियाबखान यांचे खून झाले. निराधार झालेल्या शाह आलम बादशहाला महादजीखेरीज अन्य आश्रय राहिला नाही. डिसेंबर १७८४ मध्ये पेशव्यांस वकील-इ-मुतलक हे पद आणि महादजीस त्यांची नायबगिरी देण्यात आली. पद पेशव्यांचे, पण अंमल महादजीचा, अशी ही व्यवस्था होती. पुण्याच्या संमतीची वाट न पाहता ती घडून आल्यामुळे नानाच्या मनात तिच्याविषयी शेवटपर्यंत किंतु राहिला.

या सनदेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. बादशाहीचे सारे थकलेले हक्क आता महादजीच्या हाती आले, परंतु त्यांबरोबर बादशाहीचे सारे थकलेले देणेही त्याच्या माथी बसले. बादशहाच्या खर्चासाठी दरमहा ठराविक नेमणूक पोहोचवावयाची होती. नजफखानाच्या पलटणींचे पगार तुंबले होते. दिल्ली-आग्र्याचा प्रदेश वर्षानुवर्षांच्या लढायांनी उजाड झाला होता. बंगालची खंडणी इंग्रजांनी १७७३ पासून बंद केली होती. बादशहाच्या नावे १७८५ साली ती मागण्यात आली, तेव्हा गव्हर्नर-जनरल मॅकफर्सन याने ती मागणी साफ झिडकारली. इंग्रजांकडून पैसा येण्याचा मार्ग असा खुंटल्यावर ज्यांच्यावर बादशाही पेशकशीचा हक्क सांगता येईल आणि ज्यांच्यावर शस्त्र चालविणे शक्य आहे असे एकच क्षेत्र उरले. ते म्हणजे जयपूर, जोधपूर व उदयपूर ही राज्ये.

मराठ्यांचा राजस्थानाशी संबंध अर्थातच यापूर्वीचा होता. १७६९ साली उदयपूरला वेढा घालून महादजीने महाराणा अरिसिंह याजकडून मोठी रक्कम कबूल करून घेतली होती, आणि तिचा पूर्ण भरणा न झाल्याने जावद, जीरण, नीमच हे परगणे गहाण घेतले होते. परंतु त्या काळी मराठे वारसाहक्काच्या भांडणात एका पक्षाचे साहाय्यकर्ते म्हणून येत. १७८४ नंतर मागणीचा आधार बदलला. आता मागणारा हा बादशहाचा प्रतिनिधी होता, आणि त्याच्या मागणीस नकार देणे म्हणजे शब्दशः बंडखोरी ठरत होती.

लालसोट व त्यानंतर

१७८६ साली जयपूरकडे थकलेल्या पेशकशीची मागणी झाली. बऱ्याच घासाघिशीनंतर सुमारे साठ लाखांवर तडजोड ठरली, पण तिचा थोडाच अंश हाती आला. जयपूरच्या सवाई प्रतापसिंहाने जोधपूरच्या विजयसिंहाशी संधान बांधले. पूर्वी मराठ्यांना एकमेकांविरुद्ध बोलावणारी ही दोन घराणी मराठ्यांविरुद्ध एकत्र यावीत, हा महादजीच्या धोरणाचाच अनपेक्षित परिणाम होता.

२८ जुलै १७८७ रोजी लालसोटजवळ तुंगा येथे लढाई झाली. राठोडांच्या घोडदळाने जबर हल्ले केले. महादजीचा पक्ष सोडून जयपूरकरांस मिळालेला मुहम्मद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. लढाईचा निकाल त्या दिवशी कोणत्याच बाजूने लागला नाही. निकाल लागला तो पुढील दोनतीन दिवसांत, आणि तो पगाराच्या प्रश्नावर. थकलेल्या तनख्यासाठी ओरड करणाऱ्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या आणि महादजीला माघार घ्यावी लागली. राठोडांनी अजमेर परत घेतले. जुलै १७८८ मध्ये गुलाम कादिर दिल्लीत शिरला, आणि १० ऑगस्ट रोजी त्याने बादशहाचे डोळे काढले.

या आपत्काळात भरतपूरचा रणजितसिंह जाट आणि अलवरचा राव राजा प्रतापसिंह यांनी महादजीला आधार दिला. या दोघांच्या वर्तनाचे कारण त्यांच्या परिस्थितीत होते. अलवर हे जयपूरच्याच अंगातून फुटून निघालेले नवे राज्य होते. जयपूर प्रबळ झाले असते तर त्याचे अस्तित्व धोक्यात आले असते. मराठ्यांच्या वर्चस्वाने जुनी मोठी राज्ये खचली, पण त्याच वर्चस्वाच्या आश्रयाने काही नवी राज्ये स्थिरावली, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

कंपूची उभारणी आणि नवी घडी

लालसोटच्या अनुभवातून महादजीने जो धडा घेतला तो लष्करी होता, तितकाच आर्थिकही होता. उधारीवर चालणारी फौज ऐन प्रसंगी दगा देते. म्हणून सव्हॉयचा रहिवासी बन्वा द बॉइन याच्याकरवी १७९० पासून नव्या कंपूची उभारणी झाली, आणि त्याच्या खर्चासाठी दुआबातील परगणे जायदाद म्हणून स्वतंत्र तोडून देण्यात आले. कंपूचे ठाणे अलीगढजवळ कोइल येथे होते. पगार वेळेवर मिळू लागला आणि त्याचे फळ लगेच दिसले. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माईल बेग व त्याचे राजपूत मित्र यांचा, आणि १० सप्टेंबर रोजी मेडता येथे राठोडांचा पराभव झाला. जानेवारी १७९१ मधील सांभरच्या तहाने मारवाडने सुमारे साठ लाखांची खंडणी मान्य केली व अजमेर सोडून दिले.

अजमेर जाण्याचा अर्थ केवळ एक किल्ला जाणे एवढाच नव्हता. जयपूर, जोधपूर व उदयपूर या तिन्ही राज्यांच्या मधोमध शिंद्यांचे कायमचे ठाणे बसले. पूर्वी मोहिमेपुरती येणारी आणि पावसाळ्यापूर्वी परतणारी मराठी सत्ता आता तेथेच राहू लागली.

मेवाडात हा बदल अधिक खोलवर गेला. महाराणा भीमसिंह आपल्याच चूंडावत सरदारांपुढे हतबल झाला होता. कोट्याचा कारभारी झालिमसिंह याच्या मध्यस्थीने १७९१ साली महादजी मेवाडात आला व चितोडचा किल्ला सलूंबरच्या रावताकडून सोडवून महाराण्यास देवविला. परतताना त्याने आपला सरदार अंबाजी इंगळे यास व्यवस्थेसाठी तेथे ठेवले. महाराण्याला किल्ला मिळाला, पण सरदारांवरील त्याची हुकमत आता शिंद्यांच्या फौजेवर अवलंबून राहिली, आणि त्या फौजेचा खर्च मेवाडच्याच वसुलातून निघावयाचा होता. राजाला त्याच्या सामंतांपासून सोडविणारा साहाय्यकर्ताच राज्याचा प्रमुख धनको झाला. याउलट कोट्याच्या झालिमसिंहाने मामलत नियमाने भरून आणि मध्यस्थाची भूमिका पत्करून आपले राज्य सुरक्षित राखले. समान दडपणाखाली सापडलेल्या या दोन राज्यांचे भवितव्य भिन्न झाले ते त्यांच्या अंतर्गत एकसूत्रीपणातील फरकामुळे.

या व्यवस्थेचे मूल्यमापन

महादजीच्या बाजूने हे मान्य केले पाहिजे की दिल्लीचे तख्त इंग्रजांच्या हाती जाऊ न देण्याचे कार्य त्याने हयातभर केले, आणि त्यासाठी लागणारा पैसा पुण्याहून पुरेसा येत नव्हता. मामलतीचा बोजा हा त्याच्या लोभापेक्षा त्याच्या अडचणींचा परिणाम होता. तरीही या व्यवस्थेतील दोष गंभीर होता. बादशहाचा प्रतिनिधी म्हणून वसूल करणाऱ्याने बादशाहीचे दुसरे कर्तव्य, म्हणजे मांडलिकास संरक्षण व स्थैर्य देणे, ते पार पाडले नाही. राजपूत राज्यांस देणे किती आणि ते कधी संपणार, याची निश्चिती कधीच मिळाली नाही. त्यातच होळकरांचेही त्याच राज्यांवर हक्क होते. १ जून १७९३ रोजी लाखेरी येथे शिंद्यांच्या कंपूने होळकरांच्या फौजेचा मोड केला, तो याच स्पर्धेच्या पोटी. नवे लष्कर आता मराठ्यांवरच चालले.

१७९२ साली महादजी पुण्यास आला व त्याने सवाई माधवरावांस बादशाही वस्त्रे समारंभपूर्वक अर्पण केली. परंतु उत्तरेतील व्यवस्थेला मराठी राज्याच्या सामायिक धोरणाचे रूप देण्यापूर्वीच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्याचे निधन झाले.

पुढे सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी अलीगढ व दिल्ली घेतली आणि १ नोव्हेंबर रोजी लासवारी येथे शिंद्यांच्या पलटणींचा नाश केला. याच सुमारास भरतपूर, अलवर व जयपूर यांनी इंग्रजांशी तह केले. १८१७-१८ मध्ये कोटा, जोधपूर, उदयपूर व जयपूर ही राज्ये एकामागून एक इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली. जून १८१८ मध्ये दौलतराव शिंद्याने अजमेरही त्यांच्या हवाली केले. जानेवारी १८१८ च्या जोधपूरच्या तहातील एक कलम या दृष्टीने विशेष बोलके आहे. जोधपूर शिंद्यांस जी खंडणी देत आले, ती १ लाख ८ हजार रुपयांची रक्कम, यापुढे इंग्रज सरकारास द्यावी, असे त्यात ठरले. इंग्रजांना नवे ओझे निर्माण करावे लागले नाही. मामलतीचा आकडा, अजमेरचे मध्यवर्ती ठाणे आणि राजा व सामंत यांच्यात पंच होण्याची प्रथा हे सर्व त्यांना तयार मिळाले. त्यांनी त्यात एकच नवी गोष्ट घातली. ती म्हणजे रकमेची निश्चिती व तिच्या मोबदल्यात संरक्षणाची हमी. महादजीला जी देता आली नाही, आणि त्याच्या वारसांना देण्याची इच्छाच झाली नाही, ती हीच होती.

महादजीच्या उद्योगाचे काही अवशेष नकाशावर अद्याप दिसतात. मेवाडकडून गहाण घेतलेले नीमच व जावद हे परगणे ग्वाल्हेर संस्थानात राहिले व पुढे मध्य प्रदेशात आले. म्हणून राजस्थानच्या सीमेत शिरलेला तो भूभाग आजही मध्य प्रदेशाचा आहे. गोहद गमावलेल्या राण्याच्या घराण्याला १८०५ साली इंग्रजांनी धोलपूर दिले, आणि त्यातून एक निराळे संस्थान उदयास आले. १७६९ चा एक अपुरा भरणा आणि १७८४ ची एक मोहीम यांचे परिणाम असे दीर्घकाळ टिकले. विजयाचे मोजमाप जिंकलेल्या लढायांनी करण्याची रीत रूढ आहे. महादजीच्या बाबतीत मात्र जिंकलेल्या राज्यांचे हिशेब अधिक काळजीपूर्वक वाचावे लागतात, कारण त्याच्या साम्राज्याचे बळ आणि त्याची उणीव ही दोन्ही त्या हिशेबांतच नोंदलेली आहेत.