दुबईचा पैसा आणि पारावरचे कायदे

‘हुंडीने पैसे आले तर गुन्हा पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचं काय जातं?’ भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा गुलबर्ग्याकडचं आळंद, यांपैकी कुठल्याही गावच्या पारावर हे वाक्य ऐकायला मिळेल. पोरगा रियाधमध्ये रियाल देतो, संध्याकाळी इथे कोणीतरी स्कूटरवर येऊन रोकड देऊन जातो. बँकेपेक्षा रुपया-दीड रुपया जास्त भाव, वर घरपोच सेवा. त्यात वाईट काय?

वाईट असं की कायदा घेणाऱ्याचंही नाव घेतो. 2000 सालापासून लागू असलेल्या परकीय चलनाच्या फेमा कायद्यानुसार परदेशातल्या माणसाच्या वतीने येणारा पैसा रिझर्व्ह बँकेने अधिकार दिलेल्या संस्थेमार्फतच घ्यावा लागतो. दुसऱ्या कुठल्या वाटेने घेतला, तर घरी बसून नोटा मोजणारा बापही दोषी ठरतो आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. एकाच व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेतली तर आयकराचा तेवढाच दंड वेगळा. शिवाय या हुंडीत, म्हणजेच हवाल्यात, तुमचे रियाल सौदीबाहेर पडतच नाहीत. ते तिथेच कोणाचं तरी देणं फेडतात आणि इथे तुमच्या हातात येते ती दुसऱ्याच कोणाची रोकड. ती कोणाची, कशाची, हे विचारायची सोय नसते.

तरीही लोक त्या वाटेने का जातात, हे समजण्यासारखं आहे. इकामा (तिथला निवास परवाना) संपलेला किंवा मालकाने पळाल्याची तक्रार केलेला कामगार तिथल्या बँकेच्या दारात उभा राहू शकत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न खरा आहे. पण व्यवस्थित कागदपत्रं असलेला माणूस निव्वळ दीड रुपयासाठी हुंडी धरतो, तेव्हा तो आपल्याच पैशाचा पुरावा विकत असतो. उद्या घर बांधताना आयकर खात्याने ‘हे कुठून आले?’ विचारलं की दाखवायला कागद नाही.

दुसरा गैरसमज नवा आहे आणि मोबाइलवरून आला आहे: ‘क्रिप्टोने पाठव, फी नाही, बँक नाही, आणि आता तर सरकार कर घेतं म्हणजे कायदेशीरच.’

यातले तीनही तुकडे तपासायला हवेत. कर घेतला म्हणून ते चलन होत नाही. एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि जुलै 2022 पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर 1 टक्का टीडीएस कापला जातो (लहान रकमांना थोडी सूट आहे, आणि विवरणपत्र भरलं तर टीडीएस परत मिळू शकतो). सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक रद्द केलं, हेही लोक पुरावा म्हणून सांगतात. त्या निकालाने बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा द्यायची मोकळीक मिळाली. परदेशातला पगार घरी आणण्याचा अधिकृत मार्ग म्हणून क्रिप्टोला मान्यता मिळाली, असं त्यात कुठेही नाही. मार्च 2023 पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. त्यांनी वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करायची आणि ग्राहकाची ओळख तपासायची. म्हणजे ‘बँक नाही, तर कोणाला कळत नाही’ हेही संपलं.

आणि फी नाही म्हणता, तर हिशोब करून बघा. दुबईत दिरहम देऊन डॉलरशी बांधलेलं टेदर घ्यायचं, तिथे एक फरक. ते पाठवायचं, नेटवर्कची फी. इथे विकायचं, पुन्हा फरक, त्यात टीडीएस. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, म्हणजे टेदर घेऊन भावातही काही मिळत नाही. तिथल्या एक्स्चेंज हाउसांमध्ये भारतासाठी इतकी चढाओढ असते की सरळ वाट बहुतेक वेळा स्वस्तच पडते.

खरी आपत्ती मात्र विकताना येते. घरच्यांनी टेदर अनोळखी माणसाला थेट विकलं आणि त्याने खात्यात पैसे टाकले. ते पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, कुठल्यातरी राज्यात कोणीतरी 1930 या क्रमांकावर तक्रार केली की साखळीतली खाती एकामागून एक गोठवली जातात. मग औरादमधल्या आईच्या खात्यावरचे निर्बंध उठवायला शेकडो मैल लांबच्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार. एक्स्चेंजवर ठेवलेलं नाणं सुरक्षित असतं हाही भ्रमच. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवरून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. ज्याला सट्टा करायचा त्याने जरूर करावा, पण आईच्या औषधाचे पैसे त्या वाटेने पाठवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा गैरसमज: ‘गूगलवर दिसतो तो भाव मिळालाच पाहिजे’ आणि त्याचा जुळा भाऊ ‘झीरो फी म्हणजे फुकट’. गूगलवरचा दर हा खरेदी आणि विक्री यांच्या मधला असतो. तो गिऱ्हाइकाला सहसा मिळत नाही. समजा पडद्यावर डॉलर 85 रुपये आहे आणि कंपनी 84.15 देते, तर फी शून्य असूनही हजार डॉलरमागे 850 रुपये गेले. या भागाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात हाली (निजामाचा) आणि कलदार (इंग्रजांचा) असे दोन रुपये चालत, साधारण सात हालीला सहा कलदार, आणि बट्टा किती कापला हे शेतकऱ्यालाही तोंडपाठ असे. आजही विचारायचं एवढंच: हजार दिले तर खात्यात नेमके किती रुपये पडतील? सगळ्यांना हाच प्रश्न विचारला की झीरो फीवाला लगेच उघडा पडतो. जीएसटीचंही तसंच. लाखावर 18 टक्के जात नाहीत. चलन बदलण्याच्या सेवेचं ठरावीक मूल्य धरून त्यावर कर लागतो आणि एक लाखाला तो 180 रुपये होतो.

अमेरिकेतल्या मुलांच्या घरी, तिथून पाठवायच्या पैशावरचा ‘ट्रम्पचा साडेतीन टक्के कर’ अजून चर्चेत आहे. विधेयकात आधी 5, मग 3.5 टक्के होते. जुलै 2025 मध्ये सही झाली ती 1 टक्क्यावर. 1 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला, तोही रोख रक्कम, मनीऑर्डर वगैरे देऊन पैसे पाठवले तरच. तिथल्या बँक खात्यातून पाठवणाऱ्याला तो लागत नाही.

पैसे परत गेले की लोक कंपनीला शिव्या देतात. पुष्कळदा चूक आपण दिलेल्या खात्याच्या तपशिलात असते. स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली. आपल्या भागात बऱ्याच जुन्या शाखा त्यांच्याच, आणि मुलाच्या मोबाइलमध्ये अजून जुनाच आयएफएससी कोड. नवा कोड नव्या पासबुकावरून घ्यावा. त्याचं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. ‘आयबॅन’ (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला तर घाबरू नका, तो भारतात नसतोच. आणि पासपोर्टवर नाव-वडील-आडनाव, पासबुकावर नुसतं आद्याक्षर, असा मेळ बसत नसेल तर आधी तो बसवून घ्यावा.

वेस्टर्न युनियनसारख्या सेवेने हवे तेवढे पैसे रोख मिळतात, हेही खरं नाही. एका वेळी 2,500 डॉलरची मर्यादा, एकाच माणसाला वर्षात 30 वेळा, आणि रोख 50,000 रुपयांपर्यंतच. त्यापुढचे खात्यात.

आता घरातला कर. ‘परदेशातून आलेल्या पैशावर कर लागतो’ हे जितकं चुकीचं, तितकंच ‘नात्यात कधीच लागत नाही’ हेही. मुलगा, भाऊ, नवरा यांनी कितीही पाठवले तरी घेणाऱ्याला कर नाही. पण आयकराचं नातं आपल्या भावकीपेक्षा अरुंद आहे. काकाने पुतण्याला दिले तर करमुक्त. पुतण्याने काकाला वर्षात 50,000 पेक्षा जास्त भेट दिली तर ती काकाचं उत्पन्न धरली जाते. चुलतभाऊ तर यादीतच नाही. ज्या घरात काकानेच पुतण्याला शिकवून कुवेतला धाडलं, तिथे हा नियम विचित्र वाटतो आणि मलाही वाटतो. पैसे उसने असतील तर तसा कागद करून ठेवावा. बायकोला पाठवलेल्या रकमेची तिच्या नावावर मुदत ठेव केली, तर त्या व्याजावरचा कर नवऱ्याच्या नावे मोजला जातो.

मुलाच्या स्वतःच्या जुन्या बचत खात्यावर पाठवत राहणं हीदेखील सर्रास चूक. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने तो अनिवासी झाला. ते खातं एनआरओ (अनिवासीचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यायचं आणि परदेशी कमाईसाठी एनआरई उघडायचं. एनआरईचं व्याज करमुक्त आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस आणि वर उपकर.

राहिली जमीन. कर्नाटकाने 2020 मध्ये भूसुधारणा कायदा बदलला, बिगरशेतकऱ्याला शेती घेता येऊ लागली, आणि दलाल सांगू लागले की आता दुबईवाल्याच्याही नावावर होते. होत नाही. राज्याने अट काढली, पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घ्यायला फेमाची बंदी तशीच आहे आणि मुखत्यारपत्र करून ती टळत नाही. घर किंवा बिगरशेती प्लॉट घेता येतो. शेतीच हवी असेल तर मुलाने वडिलांना पैसे भेट द्यावेत आणि वडिलांनी ती खरोखर स्वतःसाठी, स्वतःच्या नावावर घ्यावी. पुढे वारसाने ती मुलाकडे आली तर कायद्याची हरकत नाही.