नांदेडहून अमृतसर किती लांब?

आमच्या वर्गातल्या भारताच्या नकाशावर नांदेड खाली आहे आणि अमृतसर पार वर, पाकिस्तानच्या हद्दीजवळ. ही दोन्ही गावे शीख लोकांना फार पवित्र आहेत. गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. अमृतसर चौथे गुरु रामदासजी यांनी वसवले. दोन्हीकडच्या विमानतळांना ह्याच दोन गुरूंची नावे दिलेली आहेत.

माझे काका फौजेत आहेत. त्यांचे ठाणे अमृतसरजवळ आहे, म्हणून मी हे अंतर मोजले. नकाशावर नांदेड ते मुंबई दोरा धरा. तसे तीन दोरे वर नेले की अमृतसर येते! तुम्हीपण करून पहा. (टाचणी टोचू नका, गुरुजी रागावतात.) हे सरळ हवाई अंतर सुमारे १४०० किलोमीटर भरते.

पण सचखंड एक्सप्रेस दोन हजारांहून जास्त किलोमीटर चालते. कारण अमृतसर उत्तरेला असले तरी गाडी आधी पश्चिमेला जाते. परभणी, जालना, संभाजीनगर करत मनमाड, आणि मग भुसावळ, भोपाळ, दिल्ली असे वर. आपण धुऱ्याधुऱ्याने शेतात गेलो की वळसा पडतो आणि कावळा मधूनच जातो, तसेच हे. गाडीला जवळजवळ दीड दिवस लागतो. वाटेत काही स्टेशनांवर लंगरचे जेवण फुकट मिळते, ते काकांना लई आवडते.

डिसेंबर २०१७ मध्ये नांदेड ते अमृतसर थेट विमान सुरू झाले. नंतर २०२० साली टाळेबंदीत सगळीच विमाने थांबली होती. म्हणून जाणाऱ्याने आधी चौकशी करावी. थेट विमानाला सव्वादोन ते अडीच तास लागतात. आता गणित करा. वर गेल्यावर विमान तासाला ८०० किलोमीटर जाते, मग १४०० ला पावणेदोन तासच लागायला पाहिजेत. उरलेला वेळ कुठे जातो? विमान आधी जमिनीवर हळू चालते, वर चढताना आणि खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो, आणि आकाशातसुद्धा त्याला ठरलेल्या वाटेनेच जावे लागते.

आजीला वाटते, विमान म्हणजे बसलं की उतरलं. तसे नसते. आमच्या गावाहून नांदेडला एस.टी.ने दीड तास, विमानतळावर दोन तास आधी हजर, मग अडीच तास विमान, आणि तिकडे उतरून तासभर. झाले सात तास! तरी आगगाडीपेक्षा एका फेरीत सव्वा दिवस वाचतो. जाऊन येऊन अडीच दिवस. काकांची रजा वीसच दिवसांची असते, त्यात हे अडीच दिवस म्हणजे थोडे नाहीत.

पण विमानाचे तिकीट महाग पडते. म्हणून काका सचखंडनेच येतात. मनमाडला पोचले की ते फोन करतात. तिथून नांदेड अजून सहा-सात तास राहते. फोन आला की आजी पुरणाची डाळ शिजायला टाकते.

— इयत्ता ४ थी