समुद्र खारा, मग रान का खारावते?



कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका मळ्यात उसाच्या खोलगट रानात पांढरे मीठ फुटले होते. ऊस खुरटला होता. घरच्या आजींनी चिमूटभर माती जिभेला लावली आणि विचारले, "साहेब, समुद्र कुठं अन् आपण कुठं? मग हे मीठ आलं कुठून?"

आजींच्या प्रश्नाचे उत्तर समुद्राच्या पाण्यातच आहे.

'चॅलेंजर' हे इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगातील समुद्र हिंडले. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने दिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खारेपणा कुठे कमी, कुठे जास्त. पण मुख्य क्षारांचे आपसांतले प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. सरासरीने एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. म्हणून आता पाण्यातून वीज किती सहज वाहते हे यंत्राने मोजले, की खारेपणा कळतो.

हे क्षार बरेचसे नद्यांनी नेलेले आहेत. पावसाचे पाणी खडक झिजवते आणि त्यातले क्षार विरघळवून वाहून नेते. आपली नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उन्हाने पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. अरबी समुद्रात वाफ जास्त आणि नद्यांचे पाणी कमी, म्हणून तो अधिक खारा. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा गोडे पाणी ओततात, म्हणून तिथले वरचे पाणी त्यामानाने कमी खारे. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या दोन्ही समुद्रांचा अभ्यास चालतो.

आता रानाकडे या. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता प्रयोगशाळेच्या कागदावर १ डेसिसायमन असेल, तर लिटरमागे साधारण पाऊण ग्रॅमाच्या आत-बाहेर क्षार असतात. समुद्राचा हाच आकडा ५० च्या घरात जातो. १ हा आकडा किरकोळ वाटेल. पण एकरी तीन इंच पाण्याची एक पाळी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर पाणी, आणि त्याबरोबर रानात येते जवळजवळ दोन क्विंटल मीठ! पाणी उसाने पिऊन टाकले, उन्हाने नेले, मीठ राहिले. निचरा नसेल तर जमिनीतले पाणी वर चढते आणि पांढरा थर फुटतो. नीरा खोऱ्याला हे नवे नाही. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी इथल्या खारवट जमिनींची पाहणी १९१० च्या सुमारासच केली होती.

म्हणून रानाच्या कडेला चर काढा आणि त्याचे पाणी ओढ्यापर्यंत जाऊ द्या. पाट भरून पाणी सोडण्याची सवय मोडा; जमेल तिथे ठिबक करा. ताग किंवा धैंचा गाडा. जिप्सम मात्र माती तपासल्याशिवाय टाकू नका. ते चोपण जमिनीचे औषध आहे, प्रत्येक खारवट रानाचे नव्हे. माती आणि विहिरीचे पाणी, दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत द्या.

आजींना मी एवढेच सांगितले, "आजी, समुद्राला बाहेर जायची वाट नाही, म्हणून तो खारा झाला. आपल्या रानाला ती वाट आपण काढून देऊ शकतो." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने चराची आखणी सुरू केली.